हरलेल्या डावाचा पंचनामा

महिपतरावांचा वजीर पडला तेव्हा गुरुवारचे सव्वापाच वाजले होते. कार्तिक सरत आला होता. ऊन डोंगराआड जायच्या बेतात होतं आणि जाता जाता नेमकं पटावर येऊन रेंगाळलं होतं. समोर जवळच्याच औंढ्या गावचे शेतकरी भिमाजी. त्यांनी घोडा उचलला, अडीच घरं चालवला, पिलू घरट्यात ठेवावं तसा अलगद ठेवला आणि म्हणाले, "शह."

महिपतरावांनी राजा बाजूला सरकवला. तोच घोडा तिकडे वजिरावरही डोळा ठेवून उभा आहे हे त्यांच्या लक्षात आलं. लक्षात आलं, पण वजीर भिमाजींच्या मुठीत गेल्यावर आलं.

"प्याद्यापायी गेला बिचारा," भिमाजी हळहळले आणि वजीर त्यांनी कोटाच्या खिशात टाकला. मारलेला मोहरा खिशात टाकायचा, डाव संपला की खिसा रिकामा करायचा, ही त्यांची कायमची रीत. पुढच्या नऊ चालींत राजाही कोपऱ्यात मिटला. खाली भाच्याचा टेम्पो हॉर्न वाजवत होता, म्हणून भिमाजींनी घाईघाईनं खिसा झाडला, चपला चढवल्या, "येतो गुरुवारी" म्हणाले आणि जिना उतरले.

हा गुरुवार म्हणजे काय, ते सांगायला हवं. महिपतराव पाटबंधारे खात्याच्या उपविभागात हेडक्लार्क होते. निवृत्त झाल्यापासून आठवड्याचे सहा दिवस त्यांना एकाच मापात शिवलेल्या गणवेशासारखे वाटत. कुठला सोमवार आणि कुठला शनिवार, हे वर्तमानपत्र सांगेल तेव्हा कळायचं. गुरुवार मात्र जिन्यावरच्या भिमाजींच्या पायांच्या आवाजावरून ओळखू यायचा. त्या दिवशी ते दाढी करत, इस्त्रीचा सदरा घालत आणि तीन वाजल्यापासून गॅलरीतल्या खाटेवर चौरंग ठेवून त्यावर पट मांडून बसत. रतनबाई म्हणायच्या, "लग्नाच्या वेळी माझी एवढी वाट पाहिली असतीत तर बरं वाटलं असतं." हे बोलणं महिपतरावांनी कधी नाकारलं नाही. औंढ्याचा तो माणूस एखाद्या गुरुवारी आलाच नाही, तर सात दिवसांचा सगळा आठवडा राखेसारखा एकरंगी होईल, एवढं त्यांना पक्कं माहीत होतं.

हरणं काही नवीन नव्हतं. या वेळी फक्त हरण्याला साक्षीदार होते. खालच्या मजल्यावरचे बाजीराव डाव बघायला वर आले होते आणि जाताना "अरेरे" म्हणाले होते. ते "अरेरे" महिपतरावांना जेवताना भातातल्या खड्यासारखं लागलं.

चूक झाली की कुणी हळहळतं, कुणी शिकतं. हेडक्लार्क तिसरंच काही करतो: तो फाइल उघडतो. शुक्रवारी सकाळी आंघोळ करून, गंध लावून महिपतरावांनी कोऱ्या पुठ्ठ्याच्या फायलीवर लिहिलं, "हरलेल्या डावाचा पंचनामा". चूक नेमकी कुठल्या चालीत झाली ते शोधायचं, तिचं कारण नोंदवायचं, म्हणजे ती पुन्हा होणार नाही. बत्तीस वर्षं त्यांनी फुटलेल्या कालव्यांचे असे पंचनामे केले होते. कालवे पुन्हा फुटले होते हे खरं, पण पंचनाम्यात कधी चूक निघाली नव्हती.

पट जसा होता तसाच चौरंगावर ठेवायचा, असं त्यांनी जाहीर केलं. घटनास्थळाला हात लावायचा नाही.

"किती दिवस?" रतनबाईंनी विचारलं.

"चौकशी पूर्ण होईपर्यंत."

"पुढचा गुरुवार म्हणजे मार्गशीर्षातला पहिला गुरुवार आहे. मला चौरंग लागतो, लक्ष्मी मांडायला. तुमचा मेलेला राजा मी तिच्याशेजारी बसवणार नाही."

"बघू," महिपतराव म्हणाले. बत्तीस वर्षं त्यांनी शेतकऱ्यांना हेच उत्तर दिलं होतं. रतनबाई शेतकरी नव्हत्या. त्या आत जाऊन तांदूळ निवडायला बसल्या आणि सुपाच्या तालावर, महिपतरावांना ऐकू जाईल एवढ्याच आवाजात, ओवी रचू लागल्या:

चौरंगावरी राजा, त्याचा वजीर पडला,
घरच्या गं लक्ष्मीचा पाय दारात अडला.

महिपतरावांनी ती ओवी पंचनाम्यात घेतली नाही.

पहिली अडचण अशी की कुठली चाल कुठल्या चालीनंतर झाली, हे कुणी लिहून ठेवलं नव्हतं. मग पटावरून मागं मागं जायचं ठरलं. त्यासाठी बाजीरावांना बोलावणं धाडलं. बाजीराव रेल्वेत गार्ड होते, सगळी नोकरी घाटात गेली. बुद्धिबळाचा त्यांना गंध नव्हता. त्यामुळे त्यांचं मत कुठंही अडखळत नसे.

"मला एवढंच सांगा," बाजीराव म्हणाले, "घाट चढताना गाडीला मागून धक्का द्यायला इंजिन लावतात की नाही? तुमच्या वजिरामागं कोण होतं?"

"जोर म्हणताय. नव्हता कुणाचा."

"मग घाटात डबा एकटा सोडलात तुम्ही. दुसरं, मोहरे मोजलेत का? पंचनामा म्हटला की मुद्देमाल आधी."

मोजले. एकतीस भरले. खाटेखाली पाहिलं, पायपुसण्याखाली पाहिलं, तुळशीच्या कुंडीत पाहिलं. पांढरा वजीर नव्हता. तो भिमाजींच्या कोटाच्या खिशात, अस्तरात कुठंतरी अडकून औंढ्याला गेला होता, हे उघड होतं. निवृत्तीच्या वेळी कार्यालयातल्या मंडळींनी दिलेला शिसवी संच होता तो.

"बघा बरं," बाजीराव आवाज खाली आणत म्हणाले, "वजिरावर येताना नेहमीसारखं 'वजीर' असं म्हणाले होते का ते?"

महिपतराव चमकले. त्या दोघांच्या खेळात औंढ्याची एक जुनी रीत पाळली जायची. राजावर चालून गेलं की जसं "शह" म्हणायचं, तसं वजिरावर चालून गेलं तरी "वजीर" म्हणून सांगायचं. बेसावध माणसाला लुटायचं नाही. आणि त्या दिवशी "शह" ऐकू आलं होतं. "वजीर" ऐकू आलं नव्हतं.

"मी तरी नाही ऐकलं," बाजीराव म्हणाले. त्या वेळी ते खाली पाण्याची मोटर बंद करायला गेले होते. पण साक्ष द्यायला आलेला माणूस रिकाम्या हातानं कसा जाईल?

दुपारी लेकीचा, माधवीचा फोन आला. ती तळेगावच्या एका कारखान्यात मालाची तपासणी बघते. सगळं ऐकून ती म्हणाली, "बाबा, आमच्याकडे चूक झाली की पाचदा 'का' विचारतात. पाचव्या उत्तरात खरं कारण सापडतं."

महिपतरावांना हे फार पटलं. त्यांनी लगेच लिहून काढलं. वजीर का गेला? घोड्यानं मारला. घोड्यानं का मारला? तो तिथं पोचला. का पोचला? वाट मोकळी होती. का मोकळी होती? राखणारा वजीर प्यादं खायला गेला होता. वजीर वेळीच परत का फिरला नाही? भिमाजींनी "वजीर" असं सांगितलं नाही.

त्यांनी पाचही उत्तरं फोनवर वाचून दाखवली. माधवीनं विचारलं, "बाबा, पाच उत्तरांत तुम्ही कुठंच कसे नाही?"

"चौकशी अधिकारी स्वतः त्यात नसतो," महिपतराव म्हणाले.

एकदा कारण सापडलं की संबंधितास कळवणं ओघानंच आलं. खरं म्हणजे फोन उचलून "अहो भिमाजी, वजीर तुमच्या खिशात राहिलाय का बघा" एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. पण बोट वळवळलं की महिपतरावांना आधी पेन सापडायचं, फोन नंतर. शनिवारी सकाळपर्यंत दोन पानी नोटीस तयार झाली. विषय: दिनांक अमुक रोजीच्या डावात वजीर न सांगता मारल्याबाबत व सदर वजीर ताब्यात ठेवल्याबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून आपणास कळविण्यात येते की, आपले हे वर्तन खेळाच्या प्रचलित रीतीस सोडून असल्याचे प्रथमदर्शनी दिसून येते. सबब आपला लेखी जबाब सात दिवसांत सादर करावा. अन्यथा आपले काही म्हणणे नाही असे गृहीत धरून पुढील कार्यवाही करण्यात येईल. पुढची कार्यवाही काय, हे त्यांनाही माहीत नव्हतं. वाक्य मात्र असं सुरेख उतरलं होतं की खोडायला हात धजेना.

टपालाच्या खिडकीवर त्यांनी रजिस्टर मागितलं. खिडकीतल्या बाईंनी पत्ता वाचला. "औंढं? काका, हे इथंच तर आहे. रिक्षानं जाऊन द्या ना."

"कार्यालयीन आहे," महिपतराव म्हणाले.

रजिस्टर आता स्पीड पोस्टनंच जातं म्हणत बाईंनी स्पीड पोस्टचा शिक्का मारला आणि पावतीवरचा नंबर मोबाइलवर टाकला की पत्र कुठं पोचलं ते दिसतं, असं सांगितलं. महिपतरावांना या सोयीचं फार कौतुक वाटलं. रविवारी त्यांनी पाहिलं: पत्र पुण्याला गेलं होतं. जिथं बसून ते पाहत होते तिथून औंढ्याची डोंगरसोंड दिसत होती, आणि पत्र तिकडे पाठ करून पुण्याला गेलं होतं.

सोमवारी नंदाबाई गावाहून परतल्या. समोरच्या इमारतीत, गॅलरीला गॅलरी लागून त्यांचं घर. शुक्रवारी पहाटेच त्या वडिवळ्याला माहेरी भाताच्या झोडणीला गेल्या होत्या, म्हणून त्यांची साक्ष राहिली होती. महिपतरावांनी कठड्याशी खुर्ची ओढून फाइल मांडीवर घेतली.

"गुरुवारी सव्वापाचच्या सुमारास आपण कुठं होता?"

"इथंच. तुम्हीच नव्हता का मला ओरडून सांगत, पाण्याच्या टाकीचा अर्ज कसा लिहायचा ते? 'महोदय' नंतर स्वल्पविराम का, ते तर तुम्ही दोनदा सांगितलंत."

महिपतरावांचं पेन मंदावलं. "मी? डाव चालू असताना?"

"तर काय. एका हातात तुमचा तो उंच मोहरा, तोंड माझ्याकडे. ते औंढ्याचे आबा बिचारे म्हणत होते, भाऊसाहेब, प्यादं ऱ्हाऊ द्या, घोडा बघा. दोनदा म्हणाले. मला इथवर ऐकू आलं."

"आणि मी काय म्हणालो?"

नंदाबाईंनी पदर नीट केला. "तुम्ही म्हणालात, तुमची चाल तुम्ही बघा, मला शिकवू नका. मग ते गप्प बसले. मला वाईट वाटलं. पण अर्ज छान झाला हो. टाकी साफ करून गेले."

गॅलरीत वारा आला आणि फायलीचं पान आपोआप उलटलं. रीत म्हणते, वजिरावर चालून गेल्यावर सांगा. या माणसानं तर आधीच सांगितलं होतं, वजीर हातात असताना, प्यादं खायच्या अगोदर. स्वतःची जिंकायची चाल स्वतः उघड करून सांगितली होती. आणि आपण त्याला दोन पानं लिहून पाठवली होती, "प्रथमदर्शनी".

तेव्हा प्रथमच महिपतरावांना घोड्याची खरी चाल कळली. एक कागद टाकला, आणि तो एकाच वेळी मित्रावरही पडला आणि गुरुवारवरही.

ते तसेच उठून टपालाच्या खिडकीवर गेले. "पत्र परत हवंय," ते म्हणाले.

"अर्ज करावा लागेल," बाई म्हणाल्या. बत्तीस वर्षांत हे वाक्य महिपतरावांनी खिडकीच्या या बाजूनं कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी अर्ज केला. "महोदय" नंतर स्वल्पविराम दिला. बाईंनी तो वाचून ठेवला आणि सांगितलं, वरून उत्तर येईल. पण तोवर पत्र पोचेल बहुधा.

फोन करावा का? मंगळवारी त्यांनी तीनदा नंबर काढला. पण काय सांगणार? "तुम्हाला एक पत्र येईल, ते वाचू नका"? बुधवारी संध्याकाळी मोबाइलनं सांगितलं की पत्र पुण्याहून परत निघालं आहे. गुरुवारी सकाळी औंढ्यात पोस्टमनला गाठायचं, एवढाच मार्ग उरला. सकाळी ते चपला घालत असताना रतनबाईंनी चौरंगावरचा पट एका हातानं उचलला, मोहरे डब्यात ओतले आणि चौरंग धुवायला नेला. घटनास्थळ गेलं. महिपतरावांनी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

"कुठं निघालात सणाच्या दिवशी?"

"औंढ्याला."

"भिमाजींना सांगा, तुमच्या येसूबाईंना संध्याकाळी हळदीकुंकवाला बोलावलंय म्हणून. निरोप तेवढा तोंडीच द्या."

रिक्षा गावाच्या तोंडाशी थांबली. भात कापून झालेली खाचरं धसकटांनी भरलेली होती, आणि साऱ्या शिवारातून झोडणीचा एकसारखा आवाज येत होता, जणू डोंगराला उचकी लागली आहे. महिपतराव फाट्यावर दोन तास उभे राहिले. जाणारा येणारा विचारायचा, "कुनाकडं?" आणि ते "असंच" म्हणायचे. "असंच" म्हणून कुणी औंढ्याच्या फाट्यावर दोन तास उभं राहत नाही, हे गावाला कळत होतं. एका म्हाताऱ्यानं तर "जमीन बघायला आला व्हय? न्हाई इकायची आमाला" असं परस्परच सांगून टाकलं.

अकरा वाजता संदीप पोस्टमन मोटारसायकलवरून आला. महिपतरावांनी हात आडवा केला, पावती दाखवली, आपणच पाठवणारे म्हणून सांगितलं.

"काका, तुम्ही पाठवणार. पण पत्र आता त्यांचं झालं," संदीप म्हणाला. "सही त्यांची घ्यायची. तुम्हाला दिलं तर मला नोटीस येईल."

नोटीस हा शब्द ऐकून महिपतराव निमूटपणे मागच्या सीटवर बसले. अशा रीतीनं नोटीस आणि नोटीस काढणारा, दोघं एकाच गाडीवरून भिमाजींच्या खळ्यावर पोचले.

खळं सारवलेलं होतं. दोन मजूर बाया आणि भिमाजी पेंढ्या फळीवर झोडत होते. येसूबाई सुपानं भात वारवत होत्या, आणि उन्हात उडणाऱ्या कुसांमुळे सगळी माणसं सोनेरी धुरात उभी असल्यासारखी दिसत होती.

"भाऊसाहेब?" भिमाजींनी पेंढी खाली ठेवली. चेहरा उजळला. "आज हिकडं कसं? आन् टपालाच्या गाडीवं?"

संदीपनं सही घेतली, लखोटा दिला आणि वळून गेला. भिमाजींनी लखोटा लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला.

"चष्मा घरी ऱ्हायला. कुसानं खराब होतोय म्हून आनला न्हाई. सरकारी दिसतंय. बरं झालं तुमी आलात. वाचा बरं काय म्हनतंय सरकार."

महिपतरावांनी कागद घेतला. सगळ्यांची झोडणी थांबली होती. सरकारी कागद आला की मावळात हात थांबतातच. ते खाकरले.

"प्रिय मित्र भिमाजी यांस, सप्रेम नमस्कार. गेल्या गुरुवारच्या डावात आपला घोडा फारच सुंदर चालला. त्याबद्दल आपलं मनापासून कौतुक..."

"भाऊसाहेब," भिमाजी शांतपणे म्हणाले, "आमी मागं कालव्याच्या पान्यासाठी अर्ज दिलता, तवा तुमच्या हाफिसातनं दोन वळींचं उत्तर आलतं. त्यात साधा नमस्कार नव्हता. आन् आज सरकार घोड्याचं कवतिक करतंय?"

"आन् वाचताना कागदाकडं कुटं बघत्यात ते," येसूबाई सुपामागून म्हणाल्या.

महिपतरावांनी कागदाकडे पाहिलं. मग त्यांनी तो वाचला. विषयापासून "पुढील कार्यवाही" पर्यंत, एकही शब्द न गाळता. शब्द कधी एवढे जड लागले नव्हते. शेवटी सही वाचायची वेळ आली, तीही वाचली.

एका मजूर बाईनं उगाच पेंढीतलं गवत उपटलं.

"म्हंजी मी न सांगता मारला," भिमाजी म्हणाले.

"नाही. सांगून मारलात. सांगण्याच्याही आधी सांगितलंत. ते मला नंतर कळलं, पत्र टाकल्यावर."

"कुनी सांगितलं?"

"नंदाबाईंनी. समोरच्या."

"म्हंजी नंदाबाई सांगत्याल तवा खरं. मी तितं समूर बसून सांगितलं, ते न्हाई."

या मुद्द्याला महिपतरावांजवळ नियम नव्हता, परिपत्रक नव्हतं. ते खळ्याच्या कडेला एका दगडावर बसले. "चुकलं," ते म्हणाले. पुढं काही जोडावंसं त्यांना वाटलं, पण पहिल्यांदाच त्यांनी वाक्य एका शब्दावर थांबवलं.

भिमाजींनी टोपी काढून झटकली. बराच वेळ झटकली. "उत्तर द्यायला मुदत किती हाय?"

"सात दिवस. पण त्याची काही..."

"कागद आला म्हनल्यावर उत्तर द्यायला पायजे. मला लिवायला चष्मा न्हाई. तुमीच लिवा. मी सांगतो."

महिपतरावांनी नोटिशीचं दुसरं पान उलटं केलं, गुडघ्यावर घेतलं आणि खिशातून पेन काढलं. "आपले पत्र पावले..."

"न्हाई. मी काय म्हंतो ते लिवा. तुमचा कागद आला. वाचून घेतला. वाचनाऱ्याला घाम आला."

महिपतरावांनी लिहिलं.

"दुसरं. वजीर हितं हाय. कोटाच्या अस्तरात गेलता. मी त्यो देवाच्या फळीवर ठेवलाय, आज घिऊन येनार व्हतो. तिसरं. घोड्यानं शह दिल्यावर 'वजीर' सांगून उपेग काय? राजा हलवायलाच लागतो, वजीर जातोच. सांगायचं ते आधीच सांगायचं आसतं."

हे महिपतरावांच्या ध्यानातच आलं नव्हतं. दोन पानी तक्रार ज्या पायावर उभी होती, तो पायाच नव्हता. पाच वेळा "का" विचारून जे सापडलं नाही, ते भाताच्या खळ्यावर एका ओळीत सापडलं. ते जोरात लिहू लागले.

"चौथं. तुमाला फुकटचं प्यादं दिसलं की बाकीचा पट दिसंना होतो. खेळताना आन्..." भिमाजी थांबले.

"'आन्' पुढं काय लिहू?"

"काय नगं. 'आन्' लिवा आन् तितंच सोडा. तुमी हुशार हाय."

येसूबाईंनी तोंडाला पदर लावला.

"पाचवं. आज गुरवार. आज मी तुमच्याकडं येनार न्हाई. फुडच्या गुरवारी न्हाई. हा आख्खा महिना न्हाई."

पेन थांबलं. शिवारातून दुसऱ्या कुणाच्या झोडणीचा आवाज येत होता, धप, धप. महिपतराव कागदाकडे पाहत राहिले.

"लिवा की."

त्यांनी लिहिलं. अक्षर, जे बत्तीस वर्षं छापल्यासारखं यायचं, ते या ओळीत जरा खाली घसरलं.

"कारन लिवा. मार्गेसराचं गुरवार हायत. तुमच्या घरी लक्ष्मी मांडलेली आसंल, बायाबापड्या हळदीकुकवाला येत्याल. तितं आपली दोन टकली कशाला? तवा म्हैनाभर भाऊसाहेबानं औंढ्याला यावं. येताना पट आनावा. आन् बोलायचं आसंल तर खेळ झाल्यावं."

महिपतरावांनी शेवटची ओळ दोनदा वाचली. मग कागद पुढं केला. भिमाजींनी अंदाजानं सही केली, ती थोडी तिरकी, थोडी शेवटच्या ओळीच्या अंगावर गेली.

"आता पोच द्या," भिमाजी म्हणाले. "रीतीपरमान."

महिपतरावांनी खाली लिहिलं, "मिळाले", आणि तारीख टाकली. आयुष्यात त्यांनी हजारो कागदांना पोच दिली होती. मिळालं म्हणून आनंद झालेला हा पहिलाच. येसूबाईंना संध्याकाळच्या हळदीकुंकवाचं बोलावणं त्यांनी तोंडीच दिलं. तोंडी दिलेला निरोपही नीट पोचतो, हे पाहून त्यांना नवल वाटलं.

"आज पट न्हाई आनला?"

"नाही. आज नुसताच आलो."

"मग पेंढी धरा. मोकळ्या हातानं खळ्यावं बसायचं नसतं."

त्यांनी इस्त्रीच्या सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि पेंढी धरली. पहिल्या फटक्याला भात फळीवर पडायच्या ऐवजी येसूबाईंच्या डोक्यावर पडलं. दुसऱ्या फटक्याला पेंढी सुटून मागं गेली. पण दाणे हातातून सुटताना वाजतात, ते त्यांना आवडलं. फटका नेमका कसा मारला पाहिजे, याबद्दल शेजारच्या मजूर बाईला दोन गोष्टी समजावून सांगाव्यात असं त्यांच्या मनात आलं. पाण्याच्या खात्यात असताना त्यांनी भातपिकावर एक टिपण तयार केलं होतं. ते तिच्याकडे वळले, तोंड उघडलं.

"भाऊसाहेब," पाठीमागून भिमाजींचा आवाज आला, "जरा बाजूला सरा."

आणि महिपतराव का म्हणून न विचारता, वळूनही न बघता, बाजूला सरले. त्यांचं डोकं जिथं होतं तिथूनच, सूप ठेवून झोडायला उभ्या राहिलेल्या येसूबाईंची पेंढी सपकन गेली आणि फळीवर आदळली.